तणफुलांचे रविवार

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

बियाण्याच्या कंपनीनं दिलेली ही डायरी महिनाभर काउंटरखाली कोरीच पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाशी पिकाचा सल्ला छापलाय. आजचा : 'उन्हाळी भुईमुगातील पहिली खुरपणी वेळेवर करा.' वर सगळं पान रिकामं. म्हटलं, लिहावं.

काल बोर्ड तयार केला. पांढऱ्या कार्डशीटवर हिरव्या स्केचपेननं : 'दर रविवारी सकाळी सात. तळ्याकाठची बाग, वसमत. आपल्या मातीतली रानफुलं बघायला चला. फी नाही. – प्रियदर्शनी, बीएस्सी अ‍ॅग्री.' दुकानाच्या शटरवर जागा शोधली, तर तणनाशकाच्या पोस्टरखालीच सापडली. वर करपलेलं गवत, खाली माझी फुलं. बाबा बराच वेळ बघत उभे राहिले.

"आपुन तण मारायची औषधं विकतो," ते म्हणाले, "अन् तू तण बघायला लोकं बोलावून राहिली. खाटकानं शेळ्यांची जत्रा भरवावी तसं झालं हे."

त्यांचं चूक नाही. दुकान त्यांनी उभं केलं. औषधं विकायच्या लायसनला पदवी लागते आणि घरात पदवी माझी एकटीची, म्हणून लायसन माझ्या नावावर. कधीकधी नव्या गिऱ्हाइकाला ते माझी ओळखसुद्धा 'हे आमचं लायसन' अशीच करून देतात आणि स्वतःच हसतात.

परभणीला शिकताना पन्नास तणं वाळवून वहीत चिकटवायची होती. माझी वही वर्गात पहिली आली होती. ती पन्नास नावं मला अजून पाठ आहेत, पण प्रत्येकाच्या मागे ते कशानं मरतं तेही येतं, शेपटीसारखं. गेल्या महिन्यात एक स्वप्न पडलं. मी गव्हातून चाललेय आणि हरणखुरीचे वेल पायाशी येऊन विचारतायत, आम्हाला कोण ओळखतं गं? मी उत्तर दिलं ते औषधाचं नाव होतं. 

बोर्डाचं मूळ त्या स्वप्नात आहे. हे बाबांना कसं सांगणार?

रविवार, २ फेब्रुवारी

तिघं आले. निवृत्त मुख्याध्यापिका निर्मलाबाई, बँकेतले सोमेश्वर गळ्यात कॅमेरा घालून, आणि एक गृहस्थ, जे फक्त चालायला आले होते आणि चुकून आमच्यात सापडले.

तळ्याकाठच्या बागेचे दोन भाग आहेत. पुढचा सगळ्यांना माहीत असलेला : कातरलेली मेंदी, घसरगुंडी, सिमेंटचं हरीण. मागचा भाग कुणाचाच नाही. तिथे तळं आटत मागे सरकतं आणि त्यानं सोडलेल्या ओल्या मातीत जे उगवायचं ते उगवतं. सकाळी शेतांमधल्या हळद शिजवायच्या कढयांची वाफ वाऱ्यावर तिथपर्यंत येते. आज तर समोरचा काठच दिसत नव्हता. सगळं पिवळट, ऊबदार, अर्धवट झोपेतलं.

त्या वाफेत एक बाई वाकून विळ्यानं गवत कापत होती. तिच्या विळ्यापासून हातभर अंतरावर गोरखमुंडीचं अख्खं बेट फुललेलं, जांभळ्या गोट्या सांडल्यासारख्या. मी ओरडले, "मावशी, ते कापू नका!"

ती सावकाश उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली असावी. हातात पांढऱ्या बांगड्या. बंजारा तांड्यावरची.

"भिऊ नका ताई," ती म्हणाली. "शेळी त्याला तोंड लावत न्हाई. काहून कापीन म्या?"

मग मी तिघांना गोरखमुंडीबद्दल सांगितलं. कूळ, पानं, ही एक गोटी म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ, वगैरे. बाई विळा थांबवून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं एक गोटी बोटात चुरगाळली, निर्मलाबाईंच्या नाकाशी धरली आणि म्हणाली, "हे न्हाई सांगितलं तुमी."

निर्मलाबाईंनी डोळेच मिटले. इतका वास.

तिचं नाव भिकाबाई. 

रविवार, ९ फेब्रुवारी

सात जण. भिकाबाई गवताचा भारा आधीच बांधून कडेला ठेवून उभी होती, जणू बोर्ड तिनंही वाचलाय. वाचता येत नाही, म्हणाली. "तुमी ऐतवारी येता ते कळलं की."

चाळीस वर्षं खुरपणी केलीय तिनं. मला जे पन्नास माहीत आहेत ते तिला माहीत आहेतच, वर आणखी किती तरी, आणि शेंड्यापासून नाही, मुळापासून. कुठलं उपटताना सुटून येतं, कुठलं कंबर मोडतं, कुठल्याचं मूळ तुटलं की दुप्पट होऊन परत येतं.

एक गोष्ट विचित्र. मी फूल दाखवलं की ती पुटपुटते. पाकळ्या किती, देठ केवढा, बोटाला कसं लागतं, असं काहीतरी, स्वतःशीच, पाढे पाठ केल्यासारखं. जाताना खाली पडलेलं एखादं फूल पदराच्या गाठीत बांधते. देवाला वाहत असेल. पण आज तिनं रुईचं फूल नेलं. रुई मारुतीची, आणि आज तर शनिवारही नाही. विचारलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवताना भिकाबाईबद्दल आईला सांगत होते. बाबांचा घास थांबला. "कोणत्या तांड्यावरची?" मी म्हटलं, नाक्यापलीकडच्या. "नवऱ्याचं नाव काय?" मी म्हटलं, ते मी का विचारू? बाबा पाणी प्यायले आणि अर्ध्या जेवणावरूनच उठले.

पित्त झालं असेल. हरभऱ्याची भाजी त्यांना सोसत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज फेरी संपल्यावर सगळ्यांना दुकानावर चहाला बोलावलं. बागेपासून चार पावलांवर तर आहे. सगळे आले, भिकाबाई पायरीखालीच थांबली. मी दोनदा बोलावलं.

"आमी दुकानात न्हाई येत ताई."

"का? चपला काढायची गरज नाही."

"चपलेचं न्हाई." मग ती जरा हसली. "तुमच्या डब्या आल्या अन् आमचं खुरपं गंजलं. आधी ह्या दिवसात आमी बारा बाया एका वळीत बसायचो. गाणं म्हनत म्हनत वावर उरकायचं. आता एक मानूस पाठीवर पंप घेतो, एका सकाळी झालं."

चहा मी बाहेर नेऊन दिला. तिनं उभ्यानंच घेतला. बशीत ओतताना ती दुकानाकडे पाठ करून होती.

तिचं म्हणणं मला नवीन नव्हतं. कॉलेजात याच्यावर एक प्रश्न असायचा, 'मजुरीची बचत', पाच मार्कांचा. मी पाचही मिळवले होते.

रविवार, २३ फेब्रुवारी

पळस पेटलाय. तळ्याच्या बांधावर तीन झाडं, एक पान नाही, नुसती फुलं. काटेसावरीखाली तर चालायला जागा नव्हती, लाल मऊ वाट्याच वाट्या. आज चौदा माणसं होती. सोमेश्वरांनी फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकले होते, म्हणे आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावाहून एक शिक्षक जीप बदलत आले.

खरं लिहायचं तर आज मला वाईट वाटलं. मी पळसाच्या फुलाचे भाग सांगत होते. लोक माना डोलवत होते. मग भिकाबाई म्हणाली, "आमच्यात ह्याला केसुला म्हनत्यात. पोपटाची चोच बगितली? ती वाकडी करून, उन्हात तापवून ठेवली तर कशी लागंल, तसं हे. वरून मखमल. आत गेलं की गार." आणि सगळे फुलाला हात लावायला धावले. त्यानंतर कुणी मला काही विचारलं नाही. सगळे तिलाच.

मी मागे राहिले. बोर्डवर माझं नाव आहे, असं एकदा मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. दुपारभर गल्ल्यावर डोकं टेकून झोपले. स्वप्नात सावरीची फुलं पाण्यावर तरंगत दुकानात आली आणि रॅकवर ओळीनं बसली. बाबा त्यांच्यावर एक्सपायरीची तारीख शोधत होते.

रविवार, २ मार्च

भुईरिंगणी. जमिनीला चिकटून, सगळीकडून काटे, आणि मधोमध जांभळं फूल. भिकाबाई तिच्यासमोर फतकल मारून बसली आणि चक्क डोळे मिटून बोटं फिरवायला लागली. काट्यांतून, हळूहळू. एक काटा घुसलाही. तिनं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा फिरवायला लागली.

"ताई, ह्याचा रंग सांगा बरं. जांभळा म्हनू नका. जांभळे लई हायत."

मी सुचेल ते सांगितलं. तिचं समाधान होईना. शेवटी स्वतःच म्हणाली, "वांग्याच्या फुलाचा. पर वांग्याचं फूल मान खाली घालून असतंय, हे वर बगतंय."

तिची नजर कमी झाली असणार. सारखं हात लावून बघते, रंग विचारते. जाताना मी बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या आठवड्यात डोळे तपासणीचा कॅम्प आहे, मी घेऊन जाते, मोतीबिंदू असेल तर लगेच कळेल.

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागावली की काय असं वाटलं.

"माझे डोळे बराबर हायत ताई," ती म्हणाली. भारा उचलला आणि गेली.

लोक कॅम्पला फार घाबरतात.

रविवार, ९ मार्च

भिकाबाई आली नाही.

सोळा जण होते. करंज फुललाय, झाडाखाली पांढऱ्या-जांभळ्या लाह्या फुटल्यासारख्या. मी सगळं नीट सांगितलं, कुठे चुकले नाही. निर्मलाबाई परतताना म्हणाल्या, "आज वर्ग छान झाला." त्यांनी कौतुकच केलं. मला मात्र 'वर्ग' शब्द टोचत राहिला.

कॅम्पचं बोलायला नको होतं. तांड्यावर जाऊन यावं. बाबांना म्हटलं तर ते एकदम वरच्या आवाजात म्हणाले, "काही गरज न्हाई. होळी जवळ आली, तिथं आता गोंधळ असंल. यायचं असंल तर येईल ती." मग आवाज खाली आणून, "ऊन किती हाय बघ."

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. दुकान बंद. दहा वाजता स्कूटी काढली आणि न सांगता गेले.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या मी ते गुळगुळीत करणार नाही.

तांड्याच्या तोंडाशी डफ वाजत होता. बाया गोल धरून गात होत्या, आरशांच्या ओढण्या उन्हात चमकत होत्या, आणि गाण्यात दर दोन ओळींनी केसुला येत होता. एकीनं माझ्या गालाला रंग लावला आणि भिकाबाईचं घर दाखवलं. पत्र्याचं, शेणानं सारवलेलं अंगण, दोन शेळ्या. भिकाबाई उंबऱ्यात पाय लांब करून बसलेली. घोटा मडक्याएवढा सुजलेला. ती शेळीमागे धावताना पडली होती. म्हणून आली नव्हती. मी कॅम्पवरून काय काय मनात घेतलं होतं.

लिंबाखाली बाजेवर एक माणूस बसला होता. अंगात स्वच्छ धोतर-सदरा, मान किंचित तिरकी. माझा आवाज ऐकून त्यानं तोंड वळवलं, पण माझ्याकडे नाही. माझ्या जरा डावीकडे.

"कोन? फुलवाल्या ताई व्हय?"

ते हरिचंद. तिचे मालक. त्यांचे डोळे दुधावर साय यावी तसे.

त्यांनी हात पुढे केला, मी धरला. मग त्यांनी सुरुवात केली. पहिल्या ऐतवारी मुंडीचा गोंडा, वास असलेला. दुसऱ्या ऐतवारी रुईचं, मधी मुकुटागत. मग सावर. मग केसुला. "रिंगणीचं सांगितलं हिनं, वांग्यागत हाय. मी म्हनलं, मंग वांगंच की. तर म्हन्ली न्हाई, वांगं खाली बगतंय अन् हे वर. त्या दिशी आमचं भांडनच झालं ताई. मी म्हनलं, तुला काय ठावं, फूल कुठं बगत आसतंय का!" आणि ते हसले. भिकाबाईसुद्धा हसली. उशाशी तंबाखूची पत्र्याची डबी होती, तिच्यात सगळी फुलं. सुकून कागद झालेली. ते एकेक काढून बोटांनी ओळखत होते.

पदराची गाठ. पुटपुटणं. रंग विचारणं. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मी तिला डोळे तपासायला न्यायला निघाले होते.

मी विचारलं, डोळे कधीपासून असे?

"चार सालं झाली. फवारताना."

"कसलं औषध?"

"ताई, चहा टाकते," भिकाबाई मधेच म्हणाली.

"तणाचं," ते म्हणाले. "वारं सुटलं व्हतं. बाटलीचं बूच काढलं अन् सगळं तोंडावर आलं. हिरीवर पानी न्हवतं. दवाखान्यात जायला दुपार झाली. एक डोळा त्याच दिशी गेला, दुसऱ्यात आता सावल्या दिसत्यात."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. कुठल्या दुकानातलं?

त्यांनी डबीचं झाकण लावलं. डफ वाजत होता. मग म्हणाले, "तुमच्या. पर ताई, तुमी सांगितलं व्हतं मला. हवा बगून मारा, चष्मा लावा काका, असं तुमीच म्हनल्या व्हत्या. मीच ऐकलं न्हाई. माझी चूक हाय ती."

भिकाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून उठली आणि लंगडत आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. चुलीवरचा चहा उतू गेला. पाय फार दुखत असेल तिचा.

मला ते बोलल्याचं आठवत नाही. जुलैत दिवसाला शंभर माणसं येतात. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला सांगायचे. पुढे फक्त विचारलं तर. चार वर्षांपूर्वी मी सांगत होते की नव्हते?

पण ते म्हणतात तर सांगितलं असेल. स्कूटीवर येताना मी हेच स्वतःला म्हणत होते. घरी येऊन तोंड धुतलं तर रंग निघेना.

शनिवार, १५ मार्च

झोप नाही. सकाळी दुकान उघडताना बाबांना म्हटलं, "मी हरिचंदकाकांना भेटले."

त्यांनी शटर अर्ध्यावर सोडलं. आत जाऊन स्टुलावर बसले.

"सुट्टं मागितलं त्यानं," मग म्हणाले. "अर्धा लिटर. मोठा डबा त्याला काय करायचा. मी मोकळ्या बाटलीत ओतून दिलं. त्या बाटलीवर ना लेबल, ना काही. बूच पण तिचं न्हवतं."

"मी होते दुकानात?"

"न्हाई. तू मैत्रिणीच्या लग्नाला परभणीला गेली व्हतीस. मी दिलं."

मग हरिचंदकाका माझं नाव का घेत होते? दुसऱ्या कधीच्या वेळचं त्यांच्या डोक्यात राहिलं असेल. चार वर्षं झाली, माणसाला चुकीचं आठवतं.

मी बाबांना म्हटलं, तुम्ही भेटायला गेला होता का? ते म्हणाले, दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो होतो.

लायसनची फ्रेम त्यांच्या डोक्यामागे होती. त्यावर माझा फोटो आहे, चार वर्षांपूर्वीचा नाही, त्याच्याही आधीचा. त्यात मी हसतेय.

रविवार, १६ मार्च

बागेच्या फाटकाला चिठ्ठी लावली : आज फेरी नाही. लांबून बघत होते. निर्मलाबाईंनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली, इकडेतिकडे पाहिलं आणि एकट्याच आत गेल्या.

बुधवार, १९ मार्च

उन्हाळी भुईमुगासाठी एक जण तणनाशक घ्यायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. वारा, चष्मा, हातमोजे, जवळ पाण्याची घागर. तो म्हणाला, "ताई, औषध द्यायलात की परीक्षा घ्यायलात?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यानं सुट्टं मागितलं. बाबा माझ्याआधीच म्हणाले, "न्हाई मिळत." तो बडबडत गेला. बाबा त्याच्यामागे बघत राहिले.

पण आता सुट्टं न दिल्यानं कुणाचे गेलेले डोळे परत येणार आहेत?

रविवार, २३ मार्च

पहाटे ठरवलं होतं, बोर्ड काढून टाकायचा. मी कुणाला फुलं दाखवणारी? सात वाजता बागेत गेले ते फक्त सांगायला की आता बंद.

भिकाबाई आलेली होती. घोट्याला चिंधी बांधून, काठी घेऊन. बाकीचे यायचे होते. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि जे तोंडात आलं ते बोलले. बाटलीबद्दल, बाबांबद्दल. तिला सगळं ठाऊक होतं.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी कोण ते?"

"व्हय."

"तरी आलात? आमच्यामुळे इतकं झालं, तरी माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी न्हाई आले ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "तुमच्या बापाचं नाव ऐकलं तर आजबी माझं अंग जळतंय. म्या फुलासाठी आले. घरात चार सालं एकच गोष्ट व्हती. डोळे गेले, डोळे गेले. सकाळी तीच, सांजंला तीच. त्या दिशी तुमी वरडल्या म्हनून मी ते फूल नीट बगितलं. घरी जाऊन त्यास्नी सांगितलं. तेवढा येळ आमी दुसरं बोललो."

तळ्यावर वाफ नव्हती आज. हळद सगळी शिजून वाळवणावर गेलीय. समोरचा काठ लख्ख दिसत होता.

"बंद करनार म्हनं," ती म्हणाली. "कुनी सांगितलं विचारू नका, तोंडावर दिसतंय. करा बंद. पर मंग आमी ऐतवारी काय बोलू?"

बाकीचे आले. मी बंदचं सांगितलं नाही.

परतताना ती म्हणाली, "पाडव्याला त्यास्नी आनू का?"

रविवार, ३० मार्च

गुढी उभारून, कडुलिंबाचा प्रसाद खाऊन अर्धा तास उशिरा, साडेसातला बागेत पोचले. एकवीस जण. लिंबाचा बारीक मोहोर वाऱ्याबरोबर सगळ्यांच्या केसांत पडत होता आणि कुणी झटकत नव्हतं.

हरिचंदकाका आले. भिकाबाईच्या खांद्यावर हात, नवा सदरा, पटका. फाटकातून आत शिरताच ते थांबले आणि नुसता श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "करंज उजवीकडं हाय. अन् पानी लई मागं गेलं." दोन्ही बरोबर.

आज मी फारसं बोललेच नाही. फूल त्यांच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं. ते ओळखायचे, सांगायचे, कधी अडायचे. अडले की भिकाबाई सांगायची. एकदा दोघांचं जुंपलं, रतवेलीच्या फुलावरून, आणि निर्मलाबाईंना मध्यस्थी करावी लागली. सोमेश्वरांनी कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला होता. मी बघितलं, कित्येक जण डोळे मिटून फुलाला हात लावत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

मग काका दमले. त्यांना करंजाखालच्या बाकावर बसवलं आणि आम्ही पुढे बांधाकडे गेलो, पळसाच्या शेंगा बघायला. पाण्याची बाटली बाकावरच राहिली, म्हणून मी परत फिरले.

बाबा फाटकात उभे होते. पाडव्याचे पांढरे कपडे, टोपी. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. दोन पावलं पुढे यायचे, थांबायचे. मी झाडाआड झाले. असं लपून बघणं बरं नाही, पण मी तिथेच थांबले.

ते बाकापाशी पोचले. घसा खाकरला.

हरिचंदकाकांची मान वळली. "शेठ?"

"व्हय."

करंजाची फुलं बाकावर पडत होती, त्यांचा आवाज येईल इतकी शांतता. बाबांचे हात जोडलेले होते. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की समोरच्याला ते दिसत नाहीत. ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. काकांनी ऐकलं. मान खाली घातली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मग काका म्हणाले, "शेठ, माझ्या पायाशी काही हाय. बारीक. मघापासून बोटाला लागून राहिलंय. काय हाय ते बगा बरं."

बाबांनी वाकून पाहिलं. "तण हाय," ते म्हणाले.

"ते झालंच. फूल हाय का त्याला?"

"हाय."

"कसं हाय?"

"निळं."

"निळं कसं?"

बाबा गोंधळले. उभ्या आयुष्यात त्यांना हे कुणी विचारलं नसेल. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, देवळातही खुर्ची लागते. बाकाचा हात धरून, कण्हत, ते त्या पांढऱ्याशुभ्र धोतरासकट मातीत खाली बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. तोंड जमिनीजवळ नेलं.

"लई बारीक हाय," ते म्हणाले. "नखाएवढं बी न्हाई. पाकळ्या येगळ्या येगळ्या न्हाईत, सगळी एकच हाय... मधी थोडं पांढरं. अन् निळं म्हंजी... थांबा. मला नीट बघू द्या."

"बगा की," हरिचंदकाका म्हणाले. "घाई कुठं हाय."

मी बाटली न घेताच मागे फिरले.